नवरदेवाचं डोकं

साखर पिठासारखी दळलेली, तीनदा चाळलेली,
जिलेटिन, चमचाभर ग्लुकोज,
तळव्याला चिकटू नये म्हणून कॉर्नफ्लॉवर.
एवढ्यात माणूस होतो.
आधी पाय, मग धड, डोकं सगळ्यात शेवटी,
कारण मान ओली असताना डोकं ठेवलं
की नवरदेव रात्रीतून लाजायला लागतो
आणि सकाळी हनुवटी छातीत.

हे आईने शिकवलं. तिची हत्यारं अजून माझ्याकडे आहेत:
विणायची एक सुई, दुसरी कुठे गेली कुणास ठाऊक,
पेनाचं टोपण, त्याच्या कडेने ओठांवर हसू उमटतं,
आणि माझ्या लहानपणच्या फ्रॉकची लेस,
जिच्यावर दाबून निम्म्या इलोइलोतल्या
नवरींचे झगे निघाले.

इथली हवा साखरेची वैरीण.
समुद्र खिडकीतून आत येतो, खारट, आगाऊ,
आणि बाहुल्यांना घाम फुटतो.
म्हणून रात्रभर पंखा त्यांच्यावर,
आम्ही आपले उकडत.
टेबलाचे चारी पाय पाण्याच्या डब्यांत, मुंग्यांसाठी.

सगळं खाण्याजोगं असतं. रंगसुद्धा, मोतीसुद्धा.
हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते,
प्रत्येक जण मान डोलावतो
आणि कुणी म्हणून खात नाही.
केक खातात. बाहुल्या काचेच्या कपाटात,
बाळ येशूच्या मूर्तीशेजारी,
पिवळ्या पडेपर्यंत.

मंगळवारी लोलो युसेबियो आले.
हातात बिस्किटांचा डबा, डब्यात कापूस,
कापसात आईच्या हातचं जोडपं,
सत्तेचाळीस वर्षांत हस्तिदंती झालेलं.
नवरी शाबूत. नवरदेवाला डोकं नाही.

"पडलं?"
"पुरिंगने खाल्लं," ते म्हणाले.

मग खुर्ची ओढून बसले, टोपी गुडघ्यावर.
पुरिंगला हल्ली माणसं सापडत नाहीत.
मुलगी म्हणजे शेजारीण, शेजारीण म्हणजे आई,
आणि ते स्वतः म्हणजे मीटर बघायला आलेला माणूस,
सभ्य आहे, पण जात का नाही?
परवा दुपारी तिने कपाट उघडलं,
नवरदेवाला उजेडात धरून न्याहाळलं,
आणि कटकन.
चघळत राहिली बराच वेळ. मग यांच्याकडे वळून,
"गोड आहे हो हा."

"सत्तेचाळीस वर्षं," लोलो म्हणाले,
"धक्क्यावर नेग्रोसच्या साखरेच्या गोण्या वाहिल्या.
अंगाला साखर घेऊन घरी यायचो,
बिछान्यात मुंग्या चढायच्या.
तेव्हा नाही म्हणाली एकदाही."
आणि हसले, इतके की खोकला लागला,
इतका की मी पाणी आणलं.
पेल्याआड त्यांना काय करायचं ते त्यांनी केलं,
मी लेस धुवायला घेतली.

परत आले तेव्हा मी मान मोजत होते,
आईच्या साखरेला माझी साखर धरेल का बघत होते.
त्यांनी डब्याचं झाकण लावलं.
"दुरुस्ती नको. नवीन कर.
आताचा मी कर. टक्कल घाल.
पोट घाल, त्यात कंजुषी नको.
आणि कडक करू नकोस, तिला खाली चारच दात आहेत."

मी म्हटलं, मऊ ठेवला तर उभा राहणार नाही,
मान वाकेल.
"वाकू दे. आता कुणाला दाखवायचंय?"
पैसे मोजून ठेवले. दाराशी थांबून म्हणाले,
"दर मंगळवारी एक."

आज पंखा बंद आहे.
लगद्यात थोडा मध घातलाय, आईला पटलं नसतं.
पोट झालं. टक्कल झालं, कपाळावर सुईने तीन आठ्या,
चौथी घातली आणि बोटाने पुसली.
कान करायला घेतले तर
दोनाऐवजी तीन झाले.

तिसरा मी तोंडात टाकला.
एकवीस वर्षं ही बाहुली करतेय,
चव बघायची कधी
सुचलंच नव्हतं.